शेजारच्या नगरपालिकांनी मिळून जमीन वापराचा आराखडा केला तर खरंच गुंतवणूक येते का?

येते, पण नुसत्या नकाशाने येत नाही. कर कुणाला मिळणार हे आधी ठरलं असेल तरच येते. तुम्ही लिहिलंय की तीन लहान शहरांचे आराखडे वेगवेगळे आहेत, तिघांनाही कारखाने हवेत आणि आता एकत्र बसायचं घाटतंय. मी नियोजनाच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिन्ही आराखडे जोडून टेबलावर पसरा आणि हद्दीच्या रेषेवरून बोट फिरवत जा. इकडचा २४ मीटरचा रस्ता हद्द ओलांडताच १२ मीटरचा झालेला दिसेल, नाहीतर पलीकडच्या निवासी प्लॉटांत शिरून संपलेला. एकाच्या औद्योगिक पट्ट्याला खेटून दुसऱ्याची घरं. एकाचं सांडपाणी ज्या ओढ्यात सोडायचं ठरलंय, त्याच्याच खालच्या अंगाला दुसऱ्याची पाणीपुरवठ्याची विहीर. प्रत्येक आराखडा आपापल्या हद्दीत बरोबरच असतो. गुंतवणूकदार मात्र तिन्ही एकदम बघतो. त्याला सलग जागा हवी, मालकी स्पष्ट हवी, वीज-पाणी कधी मिळेल याचं ठाम उत्तर हवं आणि उद्या शेजारी वसाहत उभी राहून तक्रारी सुरू होणार नाहीत याची खात्री हवी.

एकमेकांशी स्पर्धा करून काय होतं ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दिसलं. हे महानगर कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांत पसरलंय. दोन्ही राज्यं करसवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या पळवत राहिली. कंपनी काही किलोमीटरवर, रेषेपलीकडे जायची. कर्मचारी तेच, त्यांची घरं तीच. नव्या नोकऱ्या फारशा नाहीत आणि सवलतींचा पैसा मात्र गेलाच. अखेर २०१९ मध्ये दोघांनी सीमेलगतच्या काउंटींपुरता (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) हा प्रकार थांबवायचं ठरवलं.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्याने वेगळी वाट धरली, तीही १९७१ मध्ये. मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरातल्या सात काउंटींमध्ये व्यापारी व औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात तेव्हापासून जी वाढ झाली, तिचा ४० टक्के हिस्सा सामायिक खात्यात धरतात. वाटप लोकसंख्या आणि मालमत्तांचं दरडोई मूल्य बघून होतं. ज्याची बाजू कमकुवत, त्याला जास्त. विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, कायदा टिकला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे वाटून घेतली ती फक्त वाढ. आधीचं कुणाचं काही काढून घेतलं नाही. अशी सोय असली की एखादं शहर मोकळ्या मनाने म्हणू शकतं, 'आमची ओढ्याकाठची जमीन मोकळी ठेवतो, कारखाना तुमच्याकडे होऊ दे.'

तुमच्या तिघांनी संपूर्ण आराखडा एका दमात करायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकच सामायिक औद्योगिक क्षेत्र निवडा. रस्ते आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा खर्च कोण किती उचलणार, कर किती टक्क्यांनी वाटायचा, हे पहिली कंपनी दारात येण्याआधी लेखी करा. कंपनी आल्यावर प्रत्येकाला आपलीच जमीन सगळ्यात योग्य वाटायला लागते. आणि मध्येच बाहेर पडणाऱ्याचं काय, हे कलम विसरू नका. निवडणुकीनंतर नवे पदाधिकारी आले की पहिली चौकशी त्याचीच होते.