वाचकांचे प्रश्न : कार्यालयासाठी वायरलेस राउटर निवडताना

लहान आणि मध्यम कार्यालयांसाठी वायरलेस सोय असलेला राउटर कसा निवडावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पासवर्ड आणि सेटिंगचे प्रश्न बाजूला ठेवून यंत्राच्या आतील भागांशी ज्यांचा संबंध आहे, असेच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझे करसल्लागाराचे कार्यालय आहे. पंधरा जण काम करतात, टॅलीचा सर्व्हर आहे आणि इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर दुपारनंतर अडखळू लागतो. दुकानदाराने दोन राउटर दाखवले. एकाला सहा अँटेना असून खोक्यावर ‘एएक्स ३०००’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. दुसरा ‘बिझनेस’ म्हणून दाखवला. त्याला दोनच अँटेना आहेत, वायरलेसचा आकडा कमी आहे आणि किंमत मात्र जास्त आहे. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जास्तीचे पैसे बहुतांशी अशा भागांचे असतात, ज्यांचा उल्लेख खोक्याच्या दर्शनी बाजूला कधीच नसतो. तरीही आधी छापलेल्या आकड्याचाच हिशेब करू. ‘एएक्स ३०००’ मधील ३००० ही २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवरील कमाल वेगांची, म्हणजे ५७४ आणि २४०२ मेगाबिट यांची बेरीज आहे. या पिढीचा लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याही वाट्याला येत नाही. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये दोनच रेडिओप्रवाह, म्हणजे एकाच वेळी समांतर जाणारे संकेत, असल्यामुळे २४०२ हा वेग गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते, आणि शेजारीपाजारी डझनभर राउटर चालू असलेल्या व्यापारी संकुलात ती निर्वेध मिळणे कठीण असते. नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झवर तोच लॅपटॉप कागदोपत्री १२०१ मेगाबिटपर्यंत जातो. प्रत्यक्ष फाइल उतरवताना त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग हाती आला तरी समाधान मानावे, आणि तोही त्या खोलीतील सर्वांमध्ये वाटला जातो. अँटेनांच्या संख्येवरून आतल्या रेडिओची ताकद ओळखता येत नाही, एवढेच सहा काड्यांबद्दल म्हणता येईल.

आपल्या अडचणीचे मूळ बहुधा प्रोसेसर आणि रॅम येथे आहे. कार्यालयातील प्रत्येक संगणकाची बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी राउटर आपल्या स्मृतीतील एका तक्त्यात नोंदवून ठेवतो. एका ब्राउझरच्या काही खिडक्या, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मेल आणि क्लाउडवरचा बॅकअप मिळून एकाच माणसाच्या शंभराहून अधिक नोंदी सहज होतात. त्याला पंधराने गुणावे आणि प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल वेगळा धरावा. तक्ता भरला की जुन्या जोडण्या चालू राहतात आणि नव्या नाकारल्या जातात. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप वेबवर निरोप येत राहतात, पण जीएसटीचे पोर्टल नव्याने उघडू पाहिले की उघडत नाही, आणि राउटर बंद करून चालू केला की सगळे तासभर सुरळीत होते. हे लक्षण आपल्याकडे दिसत असेल, तर इंटरनेटचा वेग वाढवून घेण्यात पैसे घालू नयेत.

माहितीपत्रकातील वेगाचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. टोलनाक्यावर रांग किती लागेल हे गाड्यांच्या संख्येवर ठरते, गाडीत माल किती आहे यावर नाही. राउटरच्या प्रोसेसरचेही तसेच आहे : त्याचे काम पाकिटांच्या, म्हणजे माहिती ज्या छोट्या तुकड्यांत विभागून जाते त्यांच्या, संख्येवर ठरते. एक गिगाबिटची वाहिनी १५१८ बाइटच्या मोठ्या पाकिटांनी पूर्ण भरली तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पाकिटे होतात; तीच ६४ बाइटच्या छोट्या पाकिटांनी भरली तर सुमारे १४ लाख ८८ हजार होतात. उत्पादक साहजिकच मोठ्या पाकिटांचा आकडा ठळक छापतात. प्रत्यक्षातील वाहतूक या दोन टोकांच्या मधली असते, म्हणून दोन्ही आकडे देणारी कंपनी माझ्या मते अधिक विश्वासार्ह असते. उदाहरणार्थ, लाटव्हियाची मायक्रोटिक ही कंपनी आपल्या राउटरच्या वेगवेगळ्या आकारांच्या पाकिटांवरील चाचण्या आणि आतील जोडणीची आकृती दोन्ही प्रसिद्ध करते. तिच्या ‘हॅप एएक्स थ्री’ या वायरलेस राउटरमध्ये चार गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर, १ जीबी रॅम, १२८ एमबी साठवण, २.५ गिगाबिटचा एक आणि १ गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. आपल्यासारख्या कार्यालयासाठी तुलनेला हा एक बरा मापदंड आहे.

आतील जोडणीची आकृती पाहण्याचे कारण असे की, मागच्या बाजूचे चार-पाच पोर्ट बहुधा एका स्विच चिपवर असतात आणि काही स्वस्त राउटरमध्ये ती चिप प्रोसेसरला एकाच गिगाबिट वाहिनीने जोडलेली असते. टॅलीचा सर्व्हर आणि संगणक एकाच जाळ्यात असतील तर त्यांची वाहतूक चिपमध्येच फिरते आणि त्याने काही बिघडत नाही. मात्र पाहुण्यांचे, कर्मचाऱ्यांचे आणि सर्व्हरचे जाळे व्हीलॅनने, म्हणजे त्याच यंत्रांवर आखलेल्या स्वतंत्र आभासी जाळ्यांनी, वेगळे केले, की त्यांच्यातील प्रत्येक पाकीट प्रोसेसरकडे जाऊन परत येते आणि ती एकच वाहिनी दोनदा वापरली जाते. अशिलांची कागदपत्रे असलेल्या कार्यालयात हे वेगळेपण आज ना उद्या करावेच लागणार आहे. दोन्ही राउटरची रॅम, जोडण्यांची कमाल संख्या आणि ही आकृती दुकानदाराकडून मागवावी. पंधरा माणसांसाठी माझा कौल दोन अँटेनांच्या राउटरला आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि तीन शाखा व्हीपीएनने जोडल्या आहेत. सगळीकडे ३०० मेगाबिटची, चढत्या-उतरत्या सारख्याच वेगाची जोडणी आहे, तरी व्हीपीएनमधून चाळीसच्या वर वेग जात नाही. इंटरनेट कंपनी म्हणते की दोष आमचा नाही. राउटर बदलावा का?
— व्यवस्थापक, पतसंस्था, जि. अहिल्यानगर

उत्तर : इंटरनेट कंपनी बहुधा खरे बोलत आहे, पण राउटर बदलण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. शाखेतून मोठी फाइल पाठवायला लावावी आणि त्या वेळी दोन्ही टोकांच्या राउटरच्या प्रोसेसरवरील भार प्रत्येक गाभ्यानुसार पाहावा. एका बोगद्याचे, म्हणजे दोन कार्यालयांमधील एका कूटबद्ध व्हीपीएन जोडणीचे, काम अनेक राउटरमध्ये एकाच गाभ्यावर पडते. चार गाभ्यांपैकी एक पूर्ण थकलेला आणि तीन रिकामे असले की एकूण भार फक्त २५ टक्के दिसतो आणि पाहणाऱ्याचा गैरसमज होतो.

आयपीसेक पद्धतीच्या व्हीपीएनमध्ये प्रत्येक पाकीट बहुधा एईएस या कूटपद्धतीने कूटबद्ध होते. त्यासाठी चांगल्या राउटरच्या चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा असते. ती नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि वेग आपल्याकडे उतरला आहे तसाच उतरतो. यंत्रणा असूनही उपयोग होत नाही, अशीही एक स्थिती असते. ती ठरावीक पद्धतींनाच हात लावते, आणि सेटिंग करणाऱ्याने कूटलेखन आणि पडताळणी यांच्या पद्धतींची तिला न येणारी जोडी निवडली तर राउटर कसलीही सूचना न देता ते काम प्रोसेसरकडे देतो. म्हणून आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकातील यादी आणि प्रत्यक्षातील निवड ताडून पाहावी. कित्येकदा नवा राउटर न घेताच प्रश्न सुटतो. वायरगार्ड ही नवी पद्धत एईएस वापरत नाही, तिचे कूटलेखन साध्या प्रोसेसरवरही बरे चालते. अर्थात तिच्यासाठी एईएसच्या यंत्रणेचे जास्तीचे पैसे मोजण्यात हशील नाही.

राउटर बदलायचाच झाला तर ‘आयपीसेकचा वेग’ हा आकडा कोणत्या कूटपद्धतीवर आणि किती मोठ्या पाकिटावर मोजलेला आहे, हे लेखी मागावे. पतसंस्थेसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, आणि राउटर या नोंदी सहसा रॅममध्ये ठेवतो, ज्या लाइट गेली की पुसल्या जातात. नोंदी बाहेरच्या संगणकावर पाठवण्याची सोय राउटरमध्ये आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

प्रश्न : आमच्या रुग्णालयासाठी घेतलेल्या राउटरला फायबरसाठी एसएफपी खाच आहे. भिंतीवर येणारी इंटरनेटची फायबर थेट त्यात लावून मधली डबी काढून टाकता येईल का?
— डॉक्टर, रत्नागिरी

उत्तर : तशी थेट लावता येणार नाही. आपल्याकडे येणारी फायबर बहुधा जीपॉन पद्धतीची असते. तिच्यात एकाच धाग्यावर अनेक ग्राहक असतात आणि मधली डबी, म्हणजे ओएनटी, कंपनीकडे अनुक्रमांकाने नोंदलेली असते. एसएफपी खाचेत बसणारे नेहमीचे मॉड्यूल इथरनेटची भाषा बोलते, त्याला जीपॉनचे संकेत कळत नाहीत. ओएनटीच आत सामावलेली खास मॉड्यूल मिळतात, पण इंटरनेट कंपनीने त्यांची नोंद केली नाही तर ती निरुपयोगी ठरतात. भिंतीवरच्या फायबरचे टोक हिरवे असेल तर ते एससी प्रकारचे, तिरक्या घासणीचे असते. नेहमीच्या मॉड्यूलला लागते ते लहान एलसी टोक. जोर लावून किंवा परिवर्तक आणून प्रयोग करू नयेत.

खाच मात्र वाया जाणार नाही. रुग्णालयाच्या दोन इमारती असतील तर त्या जोडायला तांब्याच्या केबलऐवजी फायबर वापरावी. कोकणात वळवाच्या पावसात विजा पडतात, तेव्हा दोन इमारतींमधून उघड्यावर गेलेल्या तांब्याच्या केबलने राउटर आणि स्विचचे पोर्ट एकदम जळतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. मात्र आधाराला धातूची तार असलेली केबल घेतली तर ती तार इमारतीत शिरण्याआधीच तोडावी. शिवाय तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, तर साध्या सिंगल-मोड मॉड्यूलची जोडी १० किलोमीटरपर्यंत चालते.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील वायरलेस राउटर धुळीमुळे लोखंडी कपाटात ठेवला आहे. शॉपवर बारकोड स्कॅनरला रेंज मिळत नाही आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी राउटर स्वतःहून बंद पडतो. जास्त ताकदीच्या अँटेना लावाव्यात का?
— उत्पादन विभाग, बुटीबोरी

उत्तर : अँटेना बदलून फारसे काही साधणार नाही. वायरलेस राउटर हे मुळातच दोन वेगळ्या गरजांचे एकत्र कुटुंब आहे. राउटरला कुलूपबंद कपाट, यूपीएस आणि सगळ्या केबलींचे टोक जिथे येते ती जागा हवी असते. रेडिओला माणसांच्या डोक्यावर, मोकळ्या छताखालची जागा हवी असते. एका खोलीच्या कार्यालयात दोन्ही गरजा एकाच टेबलावर भागतात आणि तिथे असा राउटर जरूर घ्यावा, पण कारखान्यात त्या भागत नाहीत. लोखंडी कपाट रेडिओलहरी अडवते. अँटेना कपाटाबाहेर काढली तरी दुसरी बाजू उरतेच : राउटरचा आवाज स्कॅनरपर्यंत पोहोचला, तरी बॅटरीवर चालणाऱ्या स्कॅनरचा क्षीण आवाज यंत्रे आणि मालाच्या लोखंडी रॅकमधून परत यायला हवा. पडद्यावर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि स्कॅन मात्र जात नाही, तो प्रकार हाच.

आपण वायरलेस नसलेला राउटर कपाटातच ठेवावा आणि छताला दोन किंवा तीन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केवळ वायरलेसचे काम करणारी स्वतंत्र यंत्रे, लावावेत. त्यांना वीजपुरवठा त्याच नेटवर्क केबलमधून करता येतो. पीओई म्हणतात ती हीच सोय. २००३ च्या ८०२.३ एएफ मानकानुसार प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॉट आणि २००९ च्या ८०२.३ एटीनुसार ३० वॉट मिळतात. येथे एक खोच असते, ती म्हणजे सर्व पोर्टची मिळून एकूण मर्यादा. सिस्को कंपनीच्या ११०० मालिकेतील आठ लॅन पोर्टांच्या राउटरमध्ये ही सोय ऐच्छिक आहे आणि ती घेतली तरी चार पोर्टांना पीओई किंवा दोन पोर्टांनाच अधिक क्षमतेची पीओई मिळते. आठही पोर्टांवर कॅमेरे लावण्याचा बेत केला तर तो फसतो. स्कॅनर जुने, २.४ गिगाहर्ट्झवरचेच असतील तर शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटना १, ६ आणि ११ याच वाहिन्या आलटून-पालटून द्याव्यात, कारण एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या त्या तीनच आहेत.

दुपारी बंद पडण्याचे कारण उष्णता असावे. टेबलावर ठेवायच्या अनेक राउटरची कार्यमर्यादा ४० अंश सेल्सिअस असते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना पत्र्याच्या छपराखालील बंद कपाटात, त्यात यूपीएसही शेजारी असताना, ती ओलांडली जाणारच. पंखा नसलेले, पण ५० अंश किंवा त्याहून अधिक तापमानासाठी प्रमाणित केलेले औद्योगिक राउटर मिळतात. तेवढा खर्च करायचा नसेल तर कपाटाला जाळीचा झरोका आणि गाळणीसह पंखा लावावा आणि यूपीएस कपाटाबाहेर काढावा. यांतला यूपीएसचा उपाय फुकटचा आहे, तो आधी करून पाहावा.

प्रश्न : माझा चुलतभाऊ अमेरिकेहून येताना तेथे स्वस्तात मिळणारा बिझनेस वायरलेस राउटर आणतो म्हणतो. आमच्या छोट्या हॉटेलात तो चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालू होईल, पण आणू नये. अमेरिकेत विकले जाणारे राउटर तेथील नियमांनुसार कुलूपबंद केलेले असतात आणि त्यांत देश बदलण्याचा पर्याय बहुधा नसतो. सिस्कोच्या वायरलेस राउटरमध्ये तर मॉडेल क्रमांकाच्या शेवटचे अक्षरच रेडिओ कोणत्या प्रदेशासाठी आहे ते सांगते. राउटर ६ गिगाहर्ट्झचा असेल तर अडचण मोठी आहे : अमेरिकेने तो पूर्ण पट्टा एप्रिल २०२० मध्ये खुला केला, भारतात तो तसा पूर्ण खुला नाही. ५ गिगाहर्ट्झवर मात्र ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेपासून आपल्याकडेही पुरेशा वाहिन्या विनापरवाना वापरता येतात, त्यामुळे हॉटेलसाठी भारतात मिळणारा वाय-फाय ६ चा राउटर पुरेसा आहे. वायरलेस उपकरणाला येथे दूरसंचार विभागाची प्रकारमान्यता लागते. ती मिळालेले मॉडेल घेतले की हमी आणि दुरुस्तीही येथेच मिळते. भाऊ राउटर घेऊन विमानात बसलाच असेल, तर निदान अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे ना, हे पाहिल्याशिवाय तो भिंतीत खोचू नये.