स्टिअरिंग नकलला हात लावण्याआधी

मित्रा, गाडीला लिफ्ट (उंची वाढवणारं किट) चढवल्यावर ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा, तिरकी झाली, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं, म्हणून तो दांडा वर उचलणारा हाय-स्टिअर आर्म बसवायचाय ना? मग आधी नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा, ज्याच्या माथ्यावर हा आर्म बसतो तो ओतीव भाग, नीट बघ. डाना 44 या ॲक्सलचा प्रत्येक नकल चालत नाही, माथा सपाट आणि जाड हवा. जुन्या शेवरले पिकअपच्या उजव्या बाजूला तसा सापडतो.

माथा मिलिंग मशीनवरच घे. ग्राइंडरने सपाट दिसतो, पण आर्म पूर्ण टेकत नाही, हळूहळू हलायला लागतो आणि एक दिवस स्टड (आर्म धरून ठेवणारे आटेदार खिळे) तुटतात. (माझा तुटला तेव्हा सुदैवाने वेग चालण्याइतकाच होता.) स्टडवरचे शंकूसारखे वॉशर वगळू नकोस, नट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळ, पहिल्या ट्रेलनंतर (खडकाळ वाटेवरच्या फेरीनंतर) पुन्हा तपास. ओतीव नकलवर वेल्डिंग? अजिबात नाही.