पक्षाघाताची चिन्हे दिसताच गावातले लोक लगेच रुग्णालयात जावेत, यासाठी काय करता येईल?

गावात दोनदा शिबिर घेतले, घरोघरी पत्रके वाटली, तरीही पक्षाघाताचा रुग्ण दुसऱ्या दिवशीच रुग्णालयात पोहोचतो, असे आपण लिहिले आहे. मी सातारा जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांपेक्षा उशिराबद्दलच अधिक खात्रीने सांगू शकेन.

पत्रकातली चिन्हे लोकांना पाठ असतात, पण पक्षाघात बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस स्वतःच ओरडतो. इथे मात्र हातातली कपबशी निसटते, जीभ जड होते आणि घरातले "दमलाय, पडू द्या जरा" म्हणत अंथरूण घालून देतात. माझ्या चुलत्यांच्या बाबतीत आमच्याच घरात हे घडले. संध्याकाळी सातला त्यांचे बोलणे अडखळू लागले. मग मुंबईच्या मुलाला फोन, त्याचा फोन येईपर्यंत तेलाने मालिश, आणि अखेर "उजाडल्यावर निघू" असा थोरल्यांचा निर्णय. मी आरोग्य खात्यात असूनही त्यांच्या शब्दापुढे गप्प बसलो. चुलत्यांचा उजवा हात पुन्हा कामाला आला नाही.

म्हणून माझे मत असे आहे की चिन्हे शिकवण्याइतकाच वेळ निर्णय कोणी घ्यायचा हे ठरवण्यावर खर्च करावा. बिघाड बहुतेकदा आधी सुनेच्या किंवा नातवाच्या लक्षात येतो, पण गाडी बोलावण्याचा अधिकार त्यांना नसतो. भजनी मंडळातल्या किंवा ग्रामसभेतल्या एखाद्या वजनदार ज्येष्ठाने सर्वांसमक्ष सांगितले की, "माझे तोंड वाकडे झाले तर सुनेने मला न विचारता १०८ ला फोन करावा," तर त्याचा परिणाम दहा पत्रकांनी होत नाही एवढा होतो. बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला विचारावे की रात्री दोन वाजता तुमच्या घरी असे झाले तर पहिला फोन कोणाला जाईल. तिथे होणारी चर्चा हेच खरे शिबिर.

जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि कुठे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू आहे, हे आधीच चौकशी करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. पैशांची धास्ती हेही उशिराचे मोठे कारण असते. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सीटीची सोय नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून घालवलेला तास त्यातूनच वजा होतो. काही निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत नळीवाटे काढता येते, त्यामुळे उशीर झाला म्हणून घरीच थांबणेही चूक.

"वारं गेलं" या शब्दाची थट्टा करू नये, कारण थट्टा झाली की माणसे ऐकायची थांबतात. वारं म्हटले की तेल आणि शेक आठवतो, म्हणून मी त्याच शब्दाला धरून सांगत असे की हे वारं हातापायात नसून डोक्यात आहे, आणि डोक्याला मालिश पोहोचत नाही. मग एकाला उभे करून दात दाखवत हसायला, दोन्ही हात समोर धरायला आणि एक वाक्य बोलायला लावत असे. यांपैकी एकही गोष्ट अचानक बिघडली तरी फोन करायचा.

गाडी येईपर्यंत तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नये, ॲस्पिरीन तर नाहीच. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. चिन्हे दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही जायचेच. असा झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो, आणि नेमक्या याच वेळी घरचे सर्वांत निर्धास्त झालेले असतात.