प्लेगच्या कादंबरीत रोग्याला लपवणारी सून वाचकाला मूर्ख वाटेल का?

तुमची कादंबरी 1897 च्या पुण्यातली आहे, सून प्लेग झालेल्या दिराला घरात लपवते आणि आजच्या वाचकाला हे पटेल का, असं तुम्ही विचारलंय. पटेल. न पटायला काय झालं?

आमच्या घरात हे घडलंय. पणजी तेव्हा सतरा वर्षांची. कसब्यात वाडा. अकरा वर्षांच्या दिराच्या काखेत गाठ आली. रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरोघर शिरत होते. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरचे सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे गावाबाहेर वेगळे, आणि अंथरुणं-पांघरुणं जाळायला. पणजीनं पोराला धान्याच्या बळदात निजवलं, दाराशी जातं ओढलं आणि दळत बसली. आत पोर कण्हलं की हिचा ओवीचा आवाज चढायचा. सोजीर बुटांनिशी देवघरात जाऊन आले आणि परत गेले. चौथ्या दिवशी पोर तिच्या मांडीवर गेलं. आठवड्याभरात सासरेही गेले.

माझे थोरले काका जन्मभर म्हणत आले, "तिच्या अडाणीपणानं घरातला कर्ता गेला." साफ चूक. वाड्यात उंदीर आधीच मरून पडले होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं ते 1898 साली. म्हणजे त्या वेळी रँडलाही ते ठाऊक नव्हतं. मग सतरा वर्षांच्या मुलीलाच अडाणी का म्हणायचं?

सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण काका हटकून देतात. त्यांनी मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि 10 मार्च 1897 ला त्याच रोगानं त्या गेल्या. पण तो दवाखाना त्यांच्या मुलाचा, यशवंताचा होता. तिथे डॉक्टर घरचा होता. पणजीच्या दारात बंदूकवाले होते.

एक मात्र कबूल करायला हवं. प्लेग फुफ्फुसात उतरला तर खोकल्यातूनही पसरतो, तेव्हा लपवण्याचा धोका खराच. सुनेला देवी करू नका.

त्या वर्षाचे 'केसरी'चे अंक मिळवून वाचा. आणि सासऱ्यांना नुसतं बघत उभं करू नका. आजी सांगायची, बळदाची कडी बाहेरून लावली ती सासऱ्यांनीच. काका एवढंच कधी सांगत नाहीत.