वाचकांच्या शंका : घर्षणाच्या माथी मारलेली ऊर्जा

नववीची पहिली दोन प्रकरणं, ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’, शाळेत शिकवून झाली की आमच्याकडे पत्रं वाढतात. या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: हिशोबात ऊर्जा कमी पडते.

प्रश्न : आम्ही मुलांकडून ऊर्जा अक्षय्यतेचा प्रयोग करून घेतो. पडद्याच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनलचा उतार, चॅनलचं तोंड १० मिमी. त्यावरून १६ मिमी व्यासाची काचेची गोटी २० सेमी उंचीवरून सोडतो. ती ७५ सेमी उंचीच्या टेबलावरून आडवी सुटते आणि खालच्या कार्बन पेपरवर पडते. गणिताने ती ७७ सेमीवर पडायला हवी, पडते ५८ सेमीवर. मुलं ‘घर्षणामुळे फरक’ असं लिहितात. गुण द्यावेत का? – विज्ञान शिक्षिका, कोथरूड

उत्तर : पूर्ण गुण देऊ नका. ७७ काढताना तुम्ही असं धरलंय की सगळी स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली) गोटीला पुढे नेण्यात खर्च झाली. तसं असेल तर अंतर म्हणजे उताराची उंची आणि टेबलाची उंची यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. (गुरुत्वत्वरण यातून कटून जातं, त्यामुळे ९.८ घ्यायचे की १० हा वर्गातला नेहमीचा वाद इथे होतच नाही.) पण गोटी घसरत नाही, घरंगळते. पुढे जाता जाता ती स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्यालाही ऊर्जा लागते. सपाट फळीवर घरंगळणाऱ्या भरीव गोटीच्या गतिज ऊर्जेतला (गतीमुळे असलेल्या ऊर्जेतला) २/७ भाग फिरण्यात असतो. त्यामुळे फळीवरून सुटलेली गोटी ६५ सेमीच्या आसपासच पडेल.

तुमच्या चॅनलमध्ये हा वाटा आणखी वाढतो. तिथे गोटी तळाला टेकत नाही, दोन कडांवर बसते. १० मिमी तोंडावर बसलेल्या गोटीचं केंद्र कडांच्या पातळीपासून ८ नव्हे, सव्वासहा मिमीवर असतं. म्हणजे एका फेरीत ती कमी अंतर कापते आणि तेवढाच वेग गाठायला तिला जास्त गरगरावं लागतं. हिशोब केला तर जवळजवळ ४० टक्के ऊर्जा फिरण्यात जाते आणि अंतर येतं ६० सेमी. घर्षणाकडे उरतात ते शेवटचे २ सेमी, म्हणजे साधारण ७ टक्के ऊर्जा (ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते). मुलांच्या उत्तराप्रमाणे घर्षणाने ४४ टक्के खाल्ले! खरं तर गोटीला फिरवतं ते घर्षणच, पण टेकलेला बिंदू घसरत नसेल तर ते ऊर्जा खात नाही.

मांडणीत चुका कुठे होतात तेही सांगतो. चॅनलचे शेवटचे ५-७ सेमी अगदी आडवे हवेत. तिथे गोटी ठेवून पाहा, ती आपणहून हलता कामा नये. टोक जरासं खाली झुकलेलं असेल तर अंतर घटतं, आणि त्याचाही दोष घर्षणावर जातो. वाक हळुवार हवा, कोन पडला की गोटी तिथे उडी मारते. उतार २०-२५ अंशांच्या आत ठेवा, नाहीतर ती घरंगळण्याऐवजी घसरू लागते. उतारावरची उंची गोटीच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजायची. खाली पडण्याची उंची मात्र गोटीच्या बुडापासून जमिनीपर्यंत. चॅनलच्या टोकातून ओळंबा सोडून जमिनीवर शून्याची खूण करा. गोटी बोटाने धरून सोडू नका, नकळत धक्का बसतो. समोर पट्टी आडवी धरा आणि झटकन उचला. कार्बनची शाईची बाजू खाली, त्याखाली पांढरा कागद. पुण्यात कार्बन पेपर अप्पा बळवंत चौकात मिळतो, चॅनल बोहरी आळीत.

एकाच उंचीवर थांबूही नका. ५, १०, १५, २० सेमी अशा उंच्या घ्या आणि उंचीविरुद्ध अंतराच्या वर्गाचा आलेख काढा. सगळी मापं सेमीत असतील आणि गोटी न फिरता घसरत आली असती, तर रेषेचा चढ ३०० आला असता. तुमच्या मापावरून तो १६८ च्या आसपास येईल. दोन्हींचं गुणोत्तर ०.५६, म्हणजे पुढे जाण्याच्या वाट्याला आलेली ऊर्जा. एवढं ज्याने वहीत लिहिलं त्याला पूर्ण गुण.

प्रश्न : सारख्या वजनाच्या दोन वस्तूंची समोरासमोर टक्कर झाली तर पहिली थांबते आणि दुसरी तिच्या वेगाने जाते, असं सरांनी सांगितलं. कॅरममध्ये सोंगटीवर सोंगटी आपटली की तसंच होतं. पण फरशीवर गोटीने गोटी मारली तर पहिली क्षणभर थांबून पुन्हा पुढे सरकते. का? – विद्यार्थी, इयत्ता नववी, धायरी

उत्तर : सोंगटी घसरत येते, गोटी घरंगळत. टकरीत पुढे जाण्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दुसऱ्या गोटीला मिळतो, पण पहिलीचं फिरणं तिच्याकडेच राहतं, कारण गुळगुळीत काच काचेला फिरवू शकत नाही. जागेवर गरगरणारी ती गोटी फरशीला पकडते आणि पुढे निघते. आदर्श टकरीत तिचा शेवटचा वेग मूळ वेगाच्या २/७ होतो. दुसरी गोटी न फिरता सुटते, तिला घरंगळायला लावताना फरशी तिचा वेग ५/७ वर आणते. बेरीज करून पाहा. आणि कॅरमवर स्ट्रायकरने हा प्रयोग करू नकोस. तो सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड असतो, त्यामुळे न थांबता पुढे जातोच.

प्रश्न : मुलीच्या गणितात २० टनांची वाघीण (मालगाडीचा डबा) २ मी/से वेगाने येऊन तेवढ्याच वजनाच्या उभ्या वाघिणीला जोडली जाते. संवेग टिकतो, पण ऊर्जा ४०,००० ज्यूलवरून २०,००० होते. ऊर्जा अक्षय्य आहे ना? – पालक, हडपसर

उत्तर : आहे. दोन्ही वाघिणी १ मी/से वेगाने निघतात आणि उरलेली ऊर्जा कपलिंगच्या स्प्रिंगा, धातूचं दबणं, आवाज यांत जाते. शेवटी तिची उष्णता होते. हात लावून ती कळणार नाही: ४० टन पोलादात वाटल्यावर तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच वाढतं. कपलिंग कसलंही असो, सारख्या वजनाच्या दोन वस्तू चिकटल्या की बरोबर निम्मी गतिज ऊर्जा जाणार. उभी वस्तू तिप्पट जड असेल तर पाऊण जाईल. संवेगाला असं लपता येत नाही. त्याला दिशा असते, आणि पोलादातले कण सगळ्या दिशांना थरथरतात तेव्हा त्यांच्या संवेगांची बेरीज शून्य होते, ऊर्जांची मात्र होत नाही. म्हणून गणित सोडवताना टकरीच्या क्षणी संवेगाचं सूत्र वापरावं. ऊर्जेचं वापरायचं ते टकरीआधीच्या उतारावर किंवा नंतरच्या चढावर. एकाच पायरीत दोन्ही घातली की गुण गेले.

प्रश्न : जमिनीवर आपटून थांबलेल्या चेंडूचा संवेग कुठे जातो? – विद्यार्थिनी, सिंहगड रोड

उत्तर : पृथ्वीकडे, सगळाच्या सगळा. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू २० मी/से वेगाने आला तर ३.२ किग्रॅ-मी/से. त्याने पृथ्वीला मिळणारा वेग दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं देऊन लिहावा लागेल. ऊर्जा पृथ्वीच्या गतीत जवळजवळ जातच नाही, ती चेंडू आणि माती तापवते.

प्रश्न : हेल्मेट नेमकं काय कमी करतं, संवेग की ऊर्जा? आणि एकदा पडल्यावर बदलायलाच हवं का? बाहेरून तर ओरखडाही नाही. – वाचक, वारजे

उत्तर : दोन्हींपैकी काहीच नाही. डोकं थांबायचंच आहे, तेव्हा संवेगही शून्य होणार आणि गतिज ऊर्जाही. हेल्मेट वाढवतं ते थांबण्याचं अंतर. ५ किलोचं डोकं दीड मीटरवरून आदळलं तर ७३ ज्यूल ऊर्जा शोषायची असते. आतला थर्मोकोलसारखा थर २५ मिमी दबला तर सरासरी बल सुमारे ३,००० न्यूटन. नुसत्या कवटीला ३ मिमीत थांबावं लागलं तर २४,००० च्या वर. थांबण्याचं अंतर ब्रेक लावतानाही महत्त्वाचं: स्कूटरचा वेग दुप्पट झाला की तेवढ्याच ब्रेकला वेळ दुप्पट लागतो, पण अंतर चौपट. वेळ ठरतो संवेगावरून, अंतर ऊर्जेवरून, आणि पुढची बस किती जवळ आहे हे अंतरातच मोजलं जातं.

डोक्यावर असताना आपटलं असेल तर बदलायलाच हवं. हा थर एकदाच दबतो, स्पंजासारखा परत फुगत नाही. बाहेरचं कवच लवून पुन्हा मूळ आकारात येतं म्हणून ओरखडा दिसत नाही, पण आतले मिलिमीटर संपलेले असतात. अपघातात मार बसलेलं हेल्मेट सेकंडहँड तर मुळीच घेऊ नका. नुसतं टाकीवरून रिकामं खाली पडलं असेल तर सहसा काही बिघडत नाही, कारण आत ५ किलोचं डोकं नव्हतं.