गाणंच नसलेला लाईव्ह अल्बम ऐकायचा कसा?

प्रश्न: सर नमस्कार, मी परभणीचा. तुम्ही मागं कॅन या जर्मन बँडबद्दल लिहिलं होतं म्हणून त्यांचा 'लाईव्ह इन स्टुटगार्ट १९७५' लावला. पाचच ट्रॅक, नावं बी नुसती जर्मनमधी एक दोन तीन अशी, आणि गाणं कुठंच नाही. तिसरा ट्रॅक तर अर्ध्या तासाच्या वर चालतोय. काहीतरी भारी चालू हाय एवढं कळायलंय पण धरायचं काय तेच कळंना गेलंय, घरचे म्हणायलेत हे सुरू कधी होणार. ऐकत राहू का सोडून देऊ?

उत्तर: अजिबात सोडू नका. आणि गाणं शोधणं आधी थांबवा, कारण या मैफिलीत ते ठरवून बसवलेलंच नाही. कॅनचा गायक दामो सुझुकी १९७३ मध्येच बँड सोडून गेला होता, उरले चौघं: बासवर होल्गर चुकाय, कीबोर्डवर इर्मिन श्मिट, गिटारवर मिखाएल कारोली आणि ड्रमवर याकी लीबेत्साइट. स्टेजवर जायचं आणि तिथंच सुचेल ते वाजवायचं, ही त्यांची पद्धत. ओळखीच्या गाण्याचा एखादा तुकडा आला तर आला.

आता हे लक्षात घ्या की त्यांचे स्टुडिओतले अल्बम, 'टागो मागो' (१९७१) वगैरे, ते पण तासन् तास वाजवूनच झालेत, पण नंतर चुकाय टेपला कात्री लावायचा आणि नेमका भाग तेवढा जोडायचा. लाईव्हमध्ये ती कात्री नाही. म्हणजे चौघं चाचपडतायत, एकाने काहीतरी टाकलं ते दुसऱ्याने उचललंच नाही, मग पाच मिनिटांनी तेच कुणीतरी वेगळ्या अंगाने परत आणलं, हे सगळं तुमच्या कानासमोर घडतं. मला विचाराल तर खरा माल हाच आहे, आणि स्टुटगार्टचा अल्बम मला त्यांच्या कितीतरी स्टुडिओ रेकॉर्डपेक्षा जवळचा वाटतो तो यामुळंच.

धरायचं काय म्हणता, तर लीबेत्साइटला धरा. हा माणूस आधी फ्री जॅझ वाजवायचा, जिथं ठेका असा पक्का नसतोच, आणि ते सोडून तो मुद्दाम एकाच ठेक्यावर गोल गोल फिरायला आला. तिसरा ट्रॅक लावा आणि गिटारकडं लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका. वर कितीही गोंगाट झाला तरी याची घाई होत नाही. आपल्याकडं सप्ताहात रात्रीच्या जागराला भजन रंगतं तेव्हा टाळकरी कितीही चढले तरी पखवाजवाला लय सांभाळून बसलेला असतो ना, तसंच इथं समजा. ड्रम एकदा कानात बसला की मग बास ऐका, तो फार थोडे सूर वाजवतो पण जागा अशा पकडतो की ठेक्याचा अर्थच बदलतो, आणि मग गिटार आपोआप ऐकू यायला लागेल. चुकाय आणि श्मिट दोघंही जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनकडं शिकलेले, म्हणजे पाश्चात्त्य आधुनिक संगीत कोळून प्यालेली माणसं, तरी वाजवताना विद्वत्ता कुठं मिरवत नाहीत, मला त्याचं फार अप्रूप आहे.

एकच विनंती, हे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. तेवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, म्हणजे चुकाय जवळजवळ गायबच होतो आणि उरते ती वरची किरकिर, घरच्यांना तीच ऐकू येत असणार. साधे वायरचे हेडफोन चालतील. आवाज स्टुडिओसारखा चकचकीत नाही हे खरं, जुन्या टेपा साफ करून २०२१ मध्ये हा अल्बम काढलाय, त्यावर श्मिट आणि साऊंड इंजिनिअर रेने टिनर यांनी काम केलंय. थोडा धुरकटपणा राहिलाय, पण मला तो खुपत नाही, हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं.

प्रश्न: स्टुटगार्ट ऐकला, आवडला. पण मला आवाज पाहिजे हो, माणसाचा. कॅनचा गायक असलेला लाईव्ह हाय का? (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: आहे की. 'लाईव्ह इन पॅरिस १९७३' घ्या, त्यात दामो आहे. तो शब्द आधी लिहून आणायचा नाही, बँड जसं वाजवेल तसं तिथल्या तिथं गायचा, अर्धं जपानी अर्धं इंग्रजी आणि काही कुठल्याच भाषेतलं नाही. अल्बम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि त्याच महिन्यात दामो गेला. स्टुटगार्टच्या मानाने इथं बँड जास्त मोकळा, हलका वाजतो, कारण मधली जागा त्याच्या आवाजाला सोडलेली आहे. त्यांचा दुसरा लाईव्ह अल्बम 'लाईव्ह इन ब्रायटन १९७५' मात्र यानंतर ऐका, तो परत गायकाशिवायचाच आहे.