राबाला कवळं नाहीत? मग राब भाजू नका

प्रश्न (मुरबाड तालुक्यातील भातशेतकरी): बांधावरचे ऐन, किंजळ तोडून तोडून खुंट झाले. राबाला, म्हणजे पेरणीआधी रोपांच्या वाफ्याची जागा भाजायला, कवळं (पालेदार फांद्यांचे भारे) मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो, राब सोडा, युरिया वाढवा आणि पेरणीबरोबर तणनाशक मारा. मारू का?

उत्तर: राब सोडा, एवढं त्याचं बरोबर. पुढचं सगळं त्याच्या गल्ल्याचं.

राबाने मुख्यतः दोन कामं होतात. धगीने तणाचं बी मरतं आणि राख मिळते. तेवढ्यासाठी दरवर्षी झाड शेंड्यापर्यंत ओरबाडायचं आणि वाऱ्यावर ठिणगी गेली की डोंगर पेटवून बसायचं, हा सौदा मला कधी पटला नाही.

राख हवी तर भातगिरणीतून तूस (भाताची टरफलं) आणा आणि जाळा. पांढरं होईपर्यंत थांबू नका, काळं असतानाच पाणी शिंपडून विझवा. गादीवाफ्यात (रोपांसाठी उंच केलेल्या वाफ्यात) चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख वरच्या चार बोटं मातीत मिसळा. रोप कणखर होतं, खोडकिड्याला सहज बळी पडत नाही. तणासाठी वळीव पडला की तण उगवू द्या आणि नांगर फिरवा. उरलेलं हाताने काढा. वाफा तो केवढा!

युरिया गुंठ्याला एक किलो, पेरणीनंतर पंधरा दिवसांनी. बस. दुकानदार तीन सांगेल. रोप काळंभोर होतं, शेजारी कौतुक करतो आणि लावणीनंतर करपा रोग येतो. रोप पिवळं दिसलं तरी आधी वाफ्यात पाणी तुंबलंय का ते बघा. युरिया वाढवू नका.

तणनाशकाचं तर बोलूच नका. एका ठिकाणी लावणीच्या शेतातलं औषध, तेही ‘थोडं जास्त’, मोड आलेल्या बियाण्यावर मारलेलं मी पाहिलंय. वाफा उगवलाच नाही. दुकानदार म्हणाला, पाऊस कमी पडला. बाटलीवर भाताची रोपवाटिका लिहिलेली नसेल तर वाफ्यात मारायचं नाही, आणि असेल तरी लिहिलंय तेवढंच.

त्यापेक्षा मिठाला दहा रुपये खर्च करा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी बुडवा, तरंगेल ते फेका, खालचं दोन-तीनदा धुऊन घ्या.

आणि बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावाच. मी हे प्रत्येक सभेत सांगतो, लोक हसतात. जूनमध्ये छाट कलमं रोवली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाला मिळू लागतो. चिखलणीआधी आठवडाभर गुंठ्याला ३० किलो कोवळ्या फांद्या शेतात पसरा. पाच-सहा दिवसांत पानं गळतात. काड्या चुलीला न्या, पाला चिखलात तुडवा. ही भातलागवडीची चारसूत्री पद्धतच आहे. त्यातली युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबलेली गोळी) लावणीच्या दिवशीच, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध खोल खुपसायची. दोन दिवसांनी ‘सवडीने’ नाही.

रोहयोतून बांधावरच्या लागवडीला मदत मिळते. जॉबकार्ड आणि सातबारा घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा.

खुंट झालेल्या ऐनांना चार पावसाळे कोयता लावू नका. वरचा एक जोमदार फुटवा शेंडा म्हणून राखा.